पूल होईपर्यंतची वर्षे

सार्वजनिक कामाच्या जागी जे पत्रे उभे केलेले असतात, त्यांवर एक वाक्य हटकून रंगविलेले आढळते : ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ हे वाक्य लिहविणाऱ्यास खरोखरच दिलगिरी वाटत असेल असे मानणारा भाबडा नागरिक आता शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु आमचा आक्षेप त्या दिलगिरीला नसून ‘गैरसोय’ या शब्दाला आहे. घरी आलेल्या पाहुण्यास गादीऐवजी सतरंजीवर निजावे लागले, तर तिला गैरसोय म्हणावे. गावाची रोजची वाट वर्षानुवर्षे तुटावी, रुग्णाची गाडी धुळीत खोळंबून राहावी, रस्त्याकाठच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक नाहीसे व्हावे, आणि या सर्वांस मिळून गैरसोय एवढेच नाव द्यावे, हा प्रकार आम्हांस मान्य नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही उड्डाणपुलांचे विरोधक नाही. म्हापशाहून पणजीस रोज ये-जा करणाऱ्या कोणासही पर्वरीच्या रस्त्यावरील गर्दीची कहाणी सांगावयास नको. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील लांबच्या पल्ल्याची वाहने आणि पर्वरीच्या वस्तीतील स्थानिक वाहने एकाच रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर येत होती. तेव्हा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा सहापदरी उन्नत मार्ग बांधण्याचे काम २०२४ मध्ये हाती घेण्यात आले, ते अनाठायी होते असे आम्ही म्हणत नाही. पूल हवा की नको, हा आमचा प्रश्नच नाही. पूल होईपर्यंतच्या वर्षांत त्याच्या खाली जी माणसे राहतात, त्यांच्या आयुष्याची गणती कोणत्या वहीत होते, एवढेच आम्ही विचारतो.

पर्वरीत काय घडले ते गोमंतकीय वाचकांस ठाऊकच आहे. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. महामार्ग खोदला गेला आणि त्याची सारी वाहतूक कडेच्या सेवारस्त्यांवर व अंतर्गत रस्त्यांवर येऊन पडली. एवढा भार वाहण्याची त्या रस्त्यांची तयारी आधी करून घेतलेली नव्हती. धुळीने घरे भरली, दुकाने भरली, माणसांचे श्वास भरले. अखेर २०२५ मध्ये हा धुळीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे न्यावा लागला. रस्त्यावर पाणी शिंपडावे आणि वळविलेल्या वाटेवर डांबर घालावे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी नागरिकास न्यायासनाचे दार ठोठवावे लागते, याहून प्रशासनाची नाचक्की ती कोणती? त्याच वर्षीच्या मार्चमध्ये खाप्रेश्वराच्या देवस्थानाजवळचा जुना वड मुळापासून काढून हलविण्यात आला. त्याच्या सावलीशी ज्यांच्या पिढ्यांचे नाते होते, त्यांचा विरोध मावळण्याची वाटही पाहण्यात आली नाही.

आणि हा रस्ता काही हौशी प्रवाशांचा रस्ता नव्हे. बार्देश आणि पेडणे येथील अत्यवस्थ रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावयाचा, तर तो याच वाटेने जातो. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या सिंधुदुर्गातील तालुक्यांतील गोरगरीबही उपचारांसाठी बांबोळीचाच आधार धरतात. हृदयविकाराच्या झटक्यात, प्रसूतीच्या अडचणीत, अपघाताच्या रक्तस्रावात मिनिटांची किंमत काय असते, हे वैद्यांस विचारावे. राज्याची विधानसभा आणि सचिवालयही पर्वरीसच आहेत. म्हणजे ज्यांनी उत्तरे द्यावयाची, तेही याच रस्त्याने जातात. त्यांच्या पुढे शिट्टी वाजविणारी गाडी असते, एवढाच काय तो फरक.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. उड्डाणपुलाचा प्रस्ताव मंजूर होतो, तेव्हा त्याच्या आर्थिक मूल्यमापनात प्रवाशांचा वाचणारा वेळ आणि वाहनांचे वाचणारे इंधन हे लाभ म्हणून मांडलेले असतात. रस्त्यांच्या आर्थिक मूल्यमापनासाठी भारतीय रस्ते काँग्रेसची स्वतंत्र नियमपुस्तिकाच आहे आणि तीत प्रवाशाच्या वेळेला रुपयांत मोल दिलेले आहे. याचा अर्थ, नागरिकाच्या वेळेस किंमत असते हे सरकारास ठाऊक आहे. मात्र ही किंमत पूल जेव्हा वेळ वाचवितो तेव्हा आठवते. पूल बांधताना तोच वेळ खर्ची पडतो, तेव्हा रस्त्यात अडकलेल्या माणसास त्याचा हिशेब कोणी दाखवीत नाही. समजा, एका नोकरदाराचा जाता-येता मिळून दिवसाकाठी एक तास जादा जातो. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले, तर दोन वर्षांत सहाशे तास होतात. म्हणजे अखंड पंचवीस अहोरात्र. एका माणसाच्या आयुष्यातून पंचवीस दिवस काढून घेतले जातात आणि त्याची पोच म्हणून त्याच्या हाती पत्र्यावरचे एक वाक्य पडते. जमाखर्चाच्या वहीत केवळ जमेची बाजू लिहिणाऱ्या कारकुनास पेढीवाला दुसऱ्या दिवशी घरी बसवील. येथे मात्र त्याच वहीच्या आधारावर कोट्यवधींची कामे मंजूर होतात.

यावर ठरलेले उत्तर असे की, मोठी कामे म्हटली की थोडा त्रास व्हावयाचाच. पर्याय काय आहे? पर्याय असतो, हे गोव्याने स्वतःच एकदा दाखवून दिले आहे. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील १९७० चा नेहरू पूल कोसळला. तो दिवस कोणी नेमून दिला नव्हता, त्याची निविदा निघाली नव्हती, आराखडा झाला नव्हता. तरी पणजी आणि बेती यांच्या दरम्यान फेरीबोटींनी माणसे आणि वाहने वाहून नेली आणि १९९२ मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत राज्याचा संसार त्या आधारावर चालला. लोकांनी हाल सोसले, परंतु पलीकडे जाण्याची वाट मोडली नाही. अकस्मात आलेल्या संकटात जे साधते, ते वर्षानुवर्षे आधी ठरविलेल्या कामात साधू नये, याचे कारण पैशाची टंचाई नव्हे. संकटात लोकांची वाट ही पहिली गरज मानली गेली; योजनेत ती शेवटची मानली जाते.

हे दुखणे एकट्या पर्वरीचे नाही. आमचे वाचक ज्या ज्या नगरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेथून हाच सूर ऐकू येतो. बेळगावकरांनी खानापूर रस्त्यावरील ब्रिटिश अमदानीतला रेल्वेपूल पाडून नवा होईपर्यंत, म्हणजे २०१८ च्या अखेरीपर्यंत, वळसे घातले. तो वळसा संपतो न संपतो तोच टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे फाटकाजवळील पुलासाठी २०२२ पर्यंत पुन्हा वळसे घातले. बडोद्यात गेंडा सर्कलपासून मनीषा चौकडीपर्यंतचा साडेतीन किलोमीटरचा पूल डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तोवर त्याखालच्या व्यापाऱ्यांनी काय सोसले ते त्यांनाच विचारावे. हैदराबादेत उप्पल ते नारपल्ली या उन्नत मार्गाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले, ते २०२४ संपेपर्यंतही पुरे झाले नव्हते. पुण्यात विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल तर पुरती पंधरा वर्षेही न वापरता २०२० मध्ये पाडला गेला आणि त्याच जागी दुमजली पुलाचे काम सुरू झाले. एकाच चौकातल्या माणसांनी एकाच सुखासाठी दोनदा किंमत मोजावी, हा कोणता न्याय?

विकासासाठी त्याग करावा लागतो, असे आम्हांस सुनावले जाते. त्याग हा शब्द थोर आहे आणि म्हणूनच तो जपून वापरावा. जो स्वेच्छेने देतो, तो त्याग करतो. ज्याच्याकडून न विचारता काढून घेतले जाते, त्याची लूट झालेली असते. शिवाय या तथाकथित त्यागाची वाटणीही समान नसते. पुलावरून वेगाने निघून जाणार तो परगावचा प्रवासी. धूळ खाणार तो पुलाखालचा रहिवासी, आणि पूल झाल्यावर ज्याच्या दारावरून गिऱ्हाईक डोक्यावरून जाणार, तोही तोच.

कोणी म्हणेल की, असे नियम आपल्याकडे नाहीत. नियम आहेत, आणि त्यांच्या मुळाशी एका मराठी विधिज्ञाचे नाव आहे. १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतूनच पुढे १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस जन्मास आली. त्याच संस्थेची बांधकामक्षेत्रातील वाहतूक-व्यवस्थेविषयी मार्गदर्शिका आहे. २०१४ मध्ये ती सुधारूनही काढण्यात आली. पूर्वसूचनेचा टप्पा, वळणाचा टप्पा, प्रत्यक्ष कामाचा टप्पा आणि पूर्ववत होण्याचा टप्पा अशी रस्त्याची रीतसर विभागणी तीत सांगितली आहे. पादचाऱ्याचाही विचार तीत आहे. कागदावर सर्व काही आहे. रस्त्यावर काय असते? एक वाकलेला पत्रा, दोन वाळूची पोती आणि लाल चिंधी बांधलेली काठी.

तेव्हा आमची मागणी दिलगिरीची नाही. आमच्या मागण्या चार आहेत. पहिली : सेवारस्ते आणि पर्यायी वाटा पक्क्या डांबरी होऊन त्यांवरून वाहतूक प्रत्यक्ष चालू लागल्याखेरीज मुख्य रस्त्यास कुदळ लावण्याची परवानगी ठेकेदारास मिळू नये. दुसरी : काम मंजूर करताना बांधकामकाळात वाया जाणारा वेळ आणि बुडणारा व्यापार हाही खर्च म्हणून मांडावा आणि तो लोकांपुढे प्रसिद्ध करावा. तिसरी : रुग्णवाहिकेसाठी एक वाट कामाच्या प्रत्येक दिवशी मोकळी राहील, याची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर असावी. चौथी : रस्ता जितके दिवस अडविला, तितक्या दिवसांचे भाडे अडविणाऱ्याकडून घ्यावे. ही चौथी मागणी ऐकून कोणी हसू नये. लंडन शहरात २०१२ पासून गर्दीच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खोदकाम करणाऱ्यांस असे दिवसाचे भाडे भरावे लागते. रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती जो अडवून ठेवतो त्याने तिचे मोल द्यावे, यात अन्याय कसला?

पुढच्या पुलाच्या भूमिपूजनास जेव्हा मंडप उभा राहील, तेव्हा त्या मंडपात बसणाऱ्या नागरिकांस आमची एकच विनंती आहे. नारळ फुटण्यापूर्वी उठून विचारावे : सेवारस्ता कोठे आहे? तो दाखविता आला, तर टाळ्या वाजवाव्या. दाखविता आला नाही, तर तो नारळ तसाच परत पिशवीत ठेवावयास सांगावे.