कार्बनचा चिमटा घरी बदलावा की नाही?

सायकलीच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या कार्बनच्या चिमट्याला घरी हात लावू नये, तो मोठ्या शहरातल्या दुकानातच बदलावा, असं ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांची भीती निराधार नाही. पोलादी चिमटा बहुधा तुटण्याआधी वाकतो. कार्बनचा तसा इशारा देईलच असं नाही, आणि चालत्या सायकलीचा चिमटा तुटला की माणूस तोंडावर आपटतो. पण भद्रावतीहून नागपूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे. तिथं जाणं लांबत जातं आणि तडा गेल्याची शंका असलेल्या चिमट्यावरच माणूस कोळशाच्या ट्रकांच्या बाजूनं चंद्रपूरचा रस्ता धरतो. ‘घरी नको’ म्हणता म्हणता ‘तूर्त राहू दे’ होतं, आणि खरा धोका तिथं आहे.

शिवाय दोष सगळा कार्बनवर ढकलणंही बरोबर नाही. 2006 च्या पॅरिस-रूबे शर्यतीत सायकलपटू जॉर्ज हिनकॅपीच्या चिमट्याची वरची नळी तुटली, ती ॲल्युमिनियमची होती. धातू कोणताही असो वा कार्बन असो, मार बसलेला भाग वेळेत बदलणं महत्त्वाचं. कार्बनची नळी घरी बिघडते ती मुख्यतः अंदाजानं कसल्यामुळे. हँडल या नळीला जोडणाऱ्या स्टेमवर बहुधा 5 न्यूटन-मीटर किंवा त्याच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. वीस सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला अडीच किलोचा भार, एवढाच तो जोर; सवयीचा हात सहज त्याच्या पुढे जातो आणि नळी चिरडते. म्हणून टॉर्क रेंच हवाच. धातूच्या नळीत ठोकतात तो स्टार नट कार्बनमध्ये ठोकायचा नाही, आतून फुगून धरणारा एक्स्पान्डर बसवायचा. आधी वरच्या टोपीच्या बोल्टनं बेअरिंगमधली ढिलाई काढायची, मगच स्टेम आवळायचा.

नळी चुकून आखूड कापली तर चिमटा वाया जातो, हा आक्षेप रास्त आहे. पण कंपनीनं घातलेल्या मर्यादेत थोडी लांब ठेवून वर स्पेसर घालता येतात आणि बसणं जमल्यावर उरलेली कापता येते. कापताना बारीक दातांचं पातं, गाइड, ओलं फडकं आणि तोंडावर चांगला मास्क लागतो. ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. अनुभवी मिस्त्रीचा हात मोठा, हेही कबूल. पण टॉर्क रेंच न वापरणाऱ्या मिस्त्रीपेक्षा तो वापरणारा घरचा माणूस या कामात अधिक भरवशाचा आहे. आयुध निर्माणी आणि माजरीच्या खाणींच्या या परिसरात मोजून काम करणाऱ्या हातांची वाण नाही. मात्र हायड्रॉलिक ब्रेकची नळी चिमट्याच्या आतून जात असेल आणि ब्रेकमधली हवा काढता येत नसेल, तर तेवढं काम जाणकाराकडेच द्यावं.

आणि एक विनंती: काढलेला चिमटा भंगारात देण्याआधी त्याची नळी कापून टाका, म्हणजे स्वस्तात मिळाला म्हणून तो दुसऱ्या कुणाच्या सायकलीला बसणार नाही.