बोली लावण्याआधी कागद पाहा

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये काही चित्रांखाली ‘मिक्स्ड मीडिया ऑन पेपर’ असं लिहिलेलं असतं. मोठं कॅनव्हास परवडत नाही, म्हणून चित्रांची आवड असलेली नोकरदार माणसं बहुधा याच चित्रांपाशी थांबतात. जरूर थांबा. आजच्या चित्रकाराचं अस्सल काम घरी आणण्याचा हा चांगला मार्ग आहे. फक्त एक कळकळीची विनंती: सहीकडे जितकं लक्ष देता, तितकंच कागदाकडेही द्या.

मिश्र माध्यमात शाई, कोळसा, ॲक्रिलिक, चिकटवलेलं वर्तमानपत्र, वर्ख असं बरंच काही एकाच कागदावर नांदत असतं, आणि यातलं प्रत्येक आपापल्या गतीनं जुनं होतं. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन उरलेलं असतं. उजेडात तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. रंगाचा थर जाड असेल तर पातळ कागद वाकतो. पक्का न केलेला कोळसा झडतो. मात्र प्रत्येक चीर म्हणजे नुकसान नव्हे. शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात ‘वूंड्स’ मालिकेत कागदाच्या लगद्यावरच जखमा उमटवल्या. तिथे जखम हेच चित्र आहे.

म्हणून लिलावगृहाकडे कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या सध्याच्या अवस्थेचा अहवाल, मागा. तो मागण्यात संकोच कसला? कागद आम्लविरहित आहे का, मागून पुठ्ठ्याला चिकटवलाय का, कुठे डाग, बुरशी किंवा दुरुस्ती आहे का, हे विचारा. चित्र आधी कोणाकडे होतं, कुठे प्रदर्शित झालं, याची कागदपत्रं पाहा. लिलावाआधी चित्रं पाहायला ठेवतात, तेव्हा स्वतः जा. मोबाइलच्या पडद्यावर कागदाचा पोत कळत नाही.

पैशांचा हिशेबही आधीच करा. हातोडा पडतो ती रक्कम शेवटची नसते. समजा एक लाखाला चित्र मिळालं आणि बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क, २० टक्के असेल, तर एक लाख वीस हजार झाले. वर जीएसटी, वाहतूक, फ्रेम. हे सगळं धरून आपला आकडा घरीच ठरवा आणि बोली चढली तरी तो ओलांडू नका. पुढे भाव वाढेल या आशेवर कर्ज काढून तर मुळीच घेऊ नका. रोज पाहावंसं वाटतं तेच चित्र घ्या.

घरी आणल्यावर ऊन येणारी भिंत टाळा. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही टाळा. कागदावरच्या कामासाठी साधारण ५० लक्स इतका मंद उजेड सुरक्षित मानतात. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट हवा. चिकटपट्टी कधीही लावू नका. कसर किंवा बुरशी दिसली तर स्वतः पुसायला जाऊ नका. कागदाचं जतन शिकलेल्या माणसाकडे द्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलाजतन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल.

आणखी एक गोष्ट. चित्र विकत घेतलं म्हणजे ते कॅलेंडरवर छापण्याचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो. मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्यात चित्रकाराला वाटा देण्याची तरतूदही आपल्या कायद्यात आहे. ती मनापासून पाळा.

चित्र आपल्यानंतरही राहायला हवं. ते सांभाळण्याची तयारी असेल, तर निर्धास्त हात वर करा.