हाफकिन यांना कोणी वाचवले?

धानाच्या रोवणीचे दिवस आले की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सरकारी रुग्णालयांत साप चावलेल्यांची संख्या वाढते. बांधावरून थेट खाटेवर आणलेल्या मजुराला जे प्रतिविष दिले जाते, त्याच्या कुपीवर अनेकदा ‘हाफकिन’ हे नाव असते. बहुतेकांना ते परळच्या संस्थेचे नाव म्हणून माहीत आहे. ते एका माणसाचे नाव होते, आणि तो माणूस स्वतःच्या देशात थारा न मिळालेला संशोधक होता, ही गोष्ट मात्र आपण विसरलो आहोत.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसा येथील ज्यू कुटुंबातला. विद्यार्थिदशेत झारशाहीविरुद्धच्या चळवळीमुळे त्यांना तुरुंगवास घडला. ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा बचावाला उभे राहून ते जखमी झाले. विद्यापीठात वर चढायचे तर धर्म बदलणे भाग होते. त्यांनी नकार दिला. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात काही काळ शिकवल्यावर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला, तोही ग्रंथालयातील मदतनीस म्हणून. तेथे त्यांचे जुने गुरू मेचनिकोव्ह होते. पुस्तके लावता लावता उरलेल्या वेळात प्रयोग करणाऱ्या या माणसाने १८९२ मध्ये पटकीची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या तुटपुंज्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह हाफकिन यांनी काही महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा पुन्हा स्वतःलाच घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

मग दुसरे संकट आले. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचे पद गेले. प्रत्यक्षात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता. दोष लसीचा नव्हता, गावातल्या हाताळणीचा होता. हे सत्य स्वीकारले जायला पाच वर्षे लागली. मलेरियावरील कामासाठी नोबेल मिळालेले रॉनल्ड रॉस आणि त्यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये लिहून हा प्रश्न लावून धरला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला; परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. तिला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

या माणसाला वाचवले कोणी? पैशाच्या थैलीने नव्हे. गुरूच्या ओळखीने, ग्रंथालयातल्या साध्या नोकरीने, नवे शास्त्र शिकता येईल अशा प्रयोगशाळेने आणि अडचणीच्या वेळी सही करायला न कचरणाऱ्या सहकाऱ्यांनी. यातला एक दुवा निखळला असता तर मुंबईला त्या वर्षी लस मिळाली नसती.

पण गुरूची ओळख ही नशिबाची गोष्ट. तिची व्यवस्था करावी, हे जगाला १९३३ मध्ये सुचले. हिटलरने ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात केली त्याच वर्षी ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने आणि रदरफोर्ड यांच्या अध्यक्षतेखाली मदत परिषद उभी राहिली. आज ती ‘कारा’ या नावाने काम करते. फ्रँकफर्टहून काढलेले विकृतिशास्त्रज्ञ फिलिप श्वार्ट्झ यांनी झुरिचमध्ये बसून आपल्यासारख्यांची यादी केली आणि अनेकांना इस्तंबूल विद्यापीठात जागा मिळवून दिल्या. फ्रायबुर्गमधून बडतर्फ झालेले डॉक्टर हान्स क्रेब्स केंब्रिजला आले. वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी जे ‘क्रेब्स चक्र’ पाठ करतो, ते त्यांनी १९३७ मध्ये शेफील्डला मांडले.

आज श्वार्ट्झ यांच्याच नावाने जर्मनीची हुम्बोल्ट फाउंडेशन संकटग्रस्त संशोधकांना फेलोशिप देते. १९९९ मध्ये शिकागोत सुरू झालेले ‘स्कॉलर्स ॲट रिस्क’ हे जाळे आज शेकडो विद्यापीठांना जोडते. अफगाणिस्तान, सीरिया, युक्रेनमधून बाहेर पडलेल्यांना त्याचा आधार मिळाला. या सगळ्या अनुभवाचे सार एकच आहे : वर्ष-दोन वर्षांची फेलोशिप श्वास घ्यायला पुरते, उभे राहायला पुरत नाही. मुदत संपली की माणूस पुन्हा रस्त्यावर. म्हणून युरोपीय संघाच्या पैशातून २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्स्पायरयुरोप’सारख्या प्रकल्पांनी प्रशिक्षण आणि ओळखीपाळखी यांवर भर दिला. नव्या देशात अनुदानाचा अर्ज कसा लिहायचा, विद्यापीठाबाहेर कोणत्या नोकऱ्या मिळतात, कोणत्या प्रयोगशाळेत कोणाला भेटायचे, हे शिकवावे लागते. रुग्णाला सलाइन लावून जीव वाचतो. पण तो चालू लागण्यासाठी व्यायाम आणि आधाराचा हातही लागतो.

यात भारत कुठे आहे? १९३५ मध्ये सी. व्ही. रामन यांनी जर्मनीतून निघालेले मॅक्स बॉर्न यांना बंगळूरला बोलावले, पण त्यांना कायमची जागा देणे जमले नाही. बॉर्न एडिंबराला गेले आणि १९५४ मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. परक्या संशोधकाने घडवलेली प्रयोगशाळा परळला शंभर वर्षांहून अधिक काळ उभी असलेल्या महाराष्ट्राने तरी यातून धडा घ्यावा. राज्यातील विद्यापीठे आणि वैद्यकीय महाविद्यालये मिळून अशा संशोधकांसाठी काही मोजक्या जागा राखू शकतात. खर्च फार नाही. बदल्यात अनुभवी हात मिळतील.

आणि संकट फक्त परदेशातच असते असे नाही. ऊर्जानगरच्या चिमण्या ज्या शहराला वीज आणि राख दोन्ही देतात, ते चंद्रपूर २००९ च्या केंद्रीय प्रदूषण यादीत देशात चौथे होते. हवेतली धूळ, विहिरीतले फ्लोराइड, आदिवासी पाड्यांतला सिकलसेल हे इथले संशोधनाचे विषय आहेत. यातला एखादा आकडा कोणाला तरी नकोसा वाटणारच. तो आकडा मांडणाऱ्या तरुण डॉक्टरामागे किंवा गोंडवाना विद्यापीठातल्या विद्यार्थ्यामागे उभे कोण राहणार? त्याला नमुने आणि नोंदी चोख ठेवायचे प्रशिक्षण हवे, म्हणजे त्याच्या कामात खोट काढता येणार नाही. मोठ्या शहरांतल्या ज्येष्ठांशी आधीपासून ओळख हवी, म्हणजे वेळ आली तर तो एकटा पडणार नाही. आणि थोडा पैसा हवा, जो पहिल्याच दबावात आटणार नाही.

मुलकोवालनंतर हाफकिन यांची पाच वर्षे वाया गेली, कारण त्यांच्या बाजूने बोलणारे उशिरा एकत्र आले. हे एकत्र येणे संकट कोसळण्याआधी व्हायला हवे.