हिवाळ्यातील सकाळ : निबंधातली आणि पत्र्याच्या खोलीतली



डिसेंबर आला की आपल्यापैकी बहुतेकजण फळ्यावर एक विषय हमखास लिहितात : 'हिवाळ्यातील सकाळ'. मुद्देही ठरलेले. धुके, दवबिंदू, कोवळे ऊन, शेकोटी, आजीची गोधडी, वाफाळता चहा. मीही वर्षानुवर्षं हेच मुद्दे देत आले. मुलं ते जोडून पंधरा ओळी लिहितात, आपण दहापैकी सात-आठ गुण देतो आणि पुढची वही उघडतो.

मागच्या हिवाळ्यात सहावीतल्या एका मुलीने हे मुद्दे बाजूलाच ठेवले. तिने लिहिलं होतं की, रात्री आमचा पत्रा आतून गळतो, पण बाहेर पाऊस नसतो. आई चारला उठून बाहेर तीन विटांवर पाणी तापवते. लाकूड कंपनीच्या खोक्यांचं असतं, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. पहिलं गरम पाणी पप्पांना, कारण त्यांची बस साडेपाचला येते. दुसरं धाकट्या भावाला. माझ्या पाळीला लाकूड संपतं, म्हणून मी थंड पाण्याने आंघोळ करते, नाहीतर करत नाही.

मी त्याखाली लाल पेनाने लिहिलं, 'विषयाला धरून लिही. निसर्गवर्णन नाही.' दहापैकी पाच.

पुढच्या आठवड्यात ती चार दिवस शाळेत आली नाही. खोकला झाला होता. म्हणून घरी गेले, तेव्हा तिचा निबंध मला खरा समजला. आज तो इथे मांडते आहे, कारण अशी एक तरी वही चाकण-महाळुंगे-निघोजे किंवा भोसरी-चिखलीकडच्या प्रत्येक वर्गात असणार.

पत्रा थंडीत काय करतो?

आमच्या भागात चाळीच्या चाळी पत्र्याच्या आहेत. दहा बाय दहाची खोली, विटांच्या भिंती, वर सिमेंटचा नाहीतर लोखंडी पत्रा. पुणे परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जातं. पातळ पत्रा दिवसभराची उष्णता रात्री झपाट्याने बाहेर टाकतो आणि स्वतः हवेपेक्षाही थंड होतो. खोलीत चार माणसं झोपलेली असतात. त्यांच्या श्वासातली वाफ त्या थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि थेंब थेंब अंथरुणावर पडते. 'पत्रा आतून गळतो' हे त्या पोरीचं वाक्य म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातला संघनन हा धडा होता. आणि हाच पत्रा एप्रिल-मे मध्ये भट्टी होतो.

घर उबदार ठेवायला आपल्याकडे वेगळी सोय नसते. थंडीत ऊब म्हणजे दोनच गोष्टी : पांघरूण आणि गरम पाणी. आंघोळीचं पाणी, तान्ह्या बाळाचं पाणी, म्हाताऱ्या सासऱ्यांचं पाणी. जुन्या घरांत बंब असायचा. खोलीत हीटरची कॉइल लावू म्हटलं तर मालक सबमीटरचं कारण सांगून नाही म्हणतो, आणि परवानगी दिली तरी युनिटचा दर तो लावेल तो. मग उरतो गॅस, नाहीतर चूल.

गॅस आहे, पण गावाला

तिच्या आईला मी विचारलं, "ताई, उज्ज्वलाचा गॅस नाही का घेतला?" त्या म्हणाल्या, "हाय ना मॅडम. गावाकडं हाय. सासूच्या नावावर. रेशनकार्ड एकच हाय ना आमचं."

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि आज देशात दहा कोटींहून जास्त जोडण्या झाल्या आहेत. ही लहान गोष्ट नाही. माझ्या आईने आयुष्याची तीस वर्षं फुंकणीने चूल फुंकली, त्यामुळे या योजनेला मी नावं ठेवणार नाही. पण नियम एका कुटुंबाला एक जोडणी असा आहे. जालन्याहून, बीडहून, बुलढाण्याहून माणसं चाकणला आली की कुटुंबाच्या दोन चुली होतात. कागदावर मात्र एकच राहते.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली. वर्षाला तीन सिलिंडर मोफत. उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र महिलांसाठी. पण गॅस जोडणी त्या बाईच्याच नावावर हवी आणि एका रेशनकार्डावर एकच लाभार्थी. शिवाय सिलिंडरचे पैसे आधी पूर्ण भरायचे, मग रक्कम खात्यात येते. महिन्याच्या पंचवीस तारखेला ज्या घरात आठशे रुपये नसतात, त्या घराला 'नंतर मिळतील' याचा उपयोग किती?

मग काय होतं? कुणी टपरीवर छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून आणतं. ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे. बाकीचे कंपन्यांमधून निघालेल्या खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूड विकत आणतात. त्यावर कधी रंग असतो, कधी कीड न लागण्यासाठी मारलेलं औषध. तो धूर मुलांच्या छातीत जातो आणि मग आपण हजेरीपटावर 'गैरहजर' लिहितो.

घरकुलाचंही तेच

पिंपरी-चिंचवडला कामगारांच्या घरांचा प्रश्न नवा नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही आली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. हेतू हाच की, वाढत्या उद्योगनगरीतल्या कामगाराला परवडणारं घर मिळावं. आज 'प्राधिकरणात राहतो' असं कोणी म्हटलं की आपण काय समजतो, हे मी वेगळं सांगायला नको. २०२१ मध्ये ते प्राधिकरण पीएमआरडीएत विलीनही झालं.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ ला सुरू झाली. महापालिकेने तिच्यात चऱ्होली, बोऱ्हाडेवाडी आणि रावेत या तीन ठिकाणी मिळून ३,६६४ घरं आखली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडत काढली. रावेतचा प्रकल्प पुढे न्यायालयीन वादात अडकला. ज्यांना घर मिळालं त्यांचं भलं झालं, यात शंका नाही. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंतच्या कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. उरलेले काही लाख लाभार्थ्याने भरायचे. कंत्राटी कामगाराला बँक ते कर्ज देते का? ज्याचं कंत्राट सहा-सात महिन्यांनी तुटतं, त्याची पगाराची स्लिप बँक मानते का?

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट : ही मदत मुख्यतः मालक होणाऱ्याला आहे. ग्रामीण आवास योजनेतले एक लाख वीस हजार मिळायलाही पायाखाली स्वतःची जागा लागते आणि यादीत नाव लागतं. भाडेकरूचं काय? २०२० च्या टाळेबंदीत लाखो कामगार पायी गावाकडे निघाले, तेव्हा सरकारच्याही लक्षात आलं की, शहरात या माणसांना हक्काचं भाड्याचं घर नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आली. २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना २.० मध्येही भाडेघर हा एक स्वतंत्र घटक आहे. कागदावर उत्तर आहे. माझ्या वर्गातल्या एकाही पालकाला मात्र अशी खोली मिळाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. हजारो कामगारांच्या जोरावर चालणाऱ्या या पट्ट्यात आधी भाड्याची पक्की, छताला स्लॅब असलेली, नळ आणि वीज मीटर असलेली खोली हवी. मालकीचं घर त्यानंतरचं स्वप्न आहे.

आधी मूल, मग कागद

आता माझं म्हणणं सांगते. आपण शिक्षक एक नियम रोज पाळतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात स्पष्ट आहे की, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला दारात उभं करायचं नाही. मूल आधी वर्गात बसतं, कागद मागून येतो. जूनमध्ये नांदेडहून आलेलं पोर त्याच दिवशी खिचडी खातं. यामुळे शाळा बुडाल्या का? नाही.

घर आणि इंधनाच्या मदतीत हे उलटं आहे. तिथे आधी कागद, मग माणूस. भाडेकरार आणा. पण मालक करार देत नाही, त्याला कर आणि कटकटी नको असतात. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून रेशनकार्ड वेगळं होत नाही, रेशनकार्ड वेगळं नाही म्हणून गॅस नाही.

हे बदलता येतं, याची उदाहरणं सरकारनेच घालून दिली आहेत. 'एक देश एक रेशनकार्ड' मुळे जालन्याच्या कार्डावर चाकणला धान्य मिळतं, म्हणजे धान्य माणसामागे आलं. ऑगस्ट २०२१ मधल्या उज्ज्वला २.० मध्ये स्थलांतरित कुटुंबाला रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असं ठरलं. ब्रिटनमध्ये १९९७ पासून वृद्धांना हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी पैसे दिले जातात. ती मदत कोणाकोणाला द्यायची यावर तिथे २०२४-२५ मध्ये मोठा वाद झाला, पण घर स्वतःचं की भाड्याचं हा प्रश्न तिथे नाही. थंडी भाडेकरूलाही वाजते, इतकं साधं आहे ते.

म्हणून माझी मागणी एवढीच : जिथे माणूस राहतो आणि राबतो, तिथे त्याला मदत मिळावी. गावच्या घरात राहणाऱ्या सासूचा गॅस तिला राहू द्या, पण इथे वेगळी चूल मांडणाऱ्या सुनेला वेगळं कुटुंब धरा. अन्नपूर्णाचे पैसे आधी भरायला लावू नका. आणि औद्योगिक भूखंड वाटताना कामगारांच्या भाडेघरांसाठीही जागा राखा.

"आता हेही शिक्षकांनीच करायचं का?"

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ॲपवरच्या माहित्या यांनी आपण आधीच बेजार आहोत. मी नवं काम मागत नाही. पण पालकसभा आपण घेतोच. डिसेंबरच्या आधीची एक सभा 'कागदांची सभा' करता येईल. गॅस एजन्सीचा माणूस, रेशन दुकानदार आणि सेतू केंद्र चालवणारा, या तिघांना बोलवायचं. आम्ही हे केलं, दोन तास लागले. पालकांनाही त्यातून काही साध्या गोष्टी कळल्या :

- गावची जोडणी गावात कोणी वापरत नसेल, तर ती इकडे आणता येते. तिथल्या एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं आणि इथल्या एजन्सीला द्यायचं.
- उज्ज्वलासाठी अर्ज करताना स्थलांतरितांच्या स्वयंघोषणापत्राबद्दल आवर्जून विचारायचं.
- टपरीवर किलोवर गॅस भरण्यापेक्षा कंपनीची अधिकृत पाच किलोची टाकी घ्यायची. ती घेताना पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. तिला अनुदान नाही, पण ती सुरक्षित आहे.
- खोली घेताना साध्या शब्दांत का होईना, लेखी भाडेकरार मागायचा.

त्या मुलीच्या आईची जोडणी हलवता आली नाही, कारण गावी सासू त्याच गॅसवर स्वयंपाक करते. वेगळ्या रेशनकार्डाचा अर्ज केला आहे. मालकाने करार अजून दिलेला नाही. सध्या त्यांच्याकडे पाच किलोची टाकी आहे. ती पाण्यासाठी पुरत नाही, त्यामुळे विटांची चूल अजून आहेच.

तिची वही मी परत मागून घेतली. लाल शेरा खोडला आणि गुण वाढवून दिले. पण खरी चूक मुद्दे देण्यात होती, हे मला कळलं आहे. या डिसेंबरात मी फळ्यावर मुद्दे लिहिणार नाही. फक्त विषय लिहीन आणि खाली एक प्रश्न : 'तुझ्या घरी सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं, आणि का?' तुम्हीही विचारून बघा. उत्तरं वाचल्यावर पुढच्या पालकसभेचा विषय ठरवायला वेळ लागणार नाही.