मात्रा पूर्ण हवी

तोंडाचा आणि घशाचा कर्करोग आपल्याकडे बहुतेकदा तंबाखू-गुटख्याच्या वाटेने येतो, आणि रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तोवर गाठ मानेत उतरलेली असते. अशा पुढच्या टप्प्यात शस्त्रक्रियेनंतर, किंवा शस्त्रक्रिया शक्य नसेल तर तिच्याऐवजी, साडेसहा-सात आठवडे किरणोपचार आणि त्यांच्या जोडीला केमो, ही जगभर रुळलेली पद्धत आहे. सिस्प्लॅटिन हे त्यातले जुने, स्वस्त औषध. किरणांनी कर्कपेशीच्या डीएनएची केलेली मोडतोड ते दुरुस्त होऊ देत नाही. सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा किरणोपचार आणि केमो एकाच वेळी दिल्याने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण साडेसहा टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आता या जोडीत लक्ष्यवेधी औषधे आली आहेत. कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील वाढीचा संदेश घेणारी कडी अडवणारी ही प्रतिपिंडे महाग आहेत. त्यांच्या नावाभोवती आशा दाटते आणि त्या आशेपायी कुटुंबे शेती विकायला निघतात. म्हणून हा पैसा नेमका कशासाठी मोजला जातो, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

या प्रतिपिंडांपैकी सेटुक्सिमॅबचा डंका वाजला तो २००६ मध्ये. त्या वर्षीच्या चाचणीत केवळ किरणोपचार घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान २९ महिने होते, सेटुक्सिमॅब जोडल्यावर ते ४९ महिने झाले. आकडा मोठा आहे आणि खरा आहे. पण ही तुलना केमोशी नव्हती. पुढे ८९१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत सिस्प्लॅटिन आणि किरणोपचारांवर सेटुक्सिमॅबची भर घातली, तेव्हा फायदा शून्य निघाला आणि उपचारांत खंड मात्र वाढले. विषाणूजन्य घशाच्या कर्करोगात सिस्प्लॅटिन काढून त्याऐवजी सेटुक्सिमॅब देऊन पाहिले, तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवरून ७८ वर आले. जुन्या औषधाची जागा नव्याने घ्यावी, याला आधार उरला नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा मात्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातला आहे. तेथे ३०० रुग्णांवर सिस्प्लॅटिनच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या गेल्या. शरीराच्या दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम दर आठवड्याला देण्याची आपल्याकडची सवयीची पद्धत एका बाजूला, १०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी देण्याची पद्धत दुसऱ्या बाजूला. दोन वर्षांनी रोग त्या जागी आटोक्यात राहिलेले रुग्ण पहिल्या गटात ५८.५ टक्के होते, दुसऱ्यात ७३.१. आयुर्मानातला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, हे खरे. पण एका रुपयाचेही नवे औषध न वापरता, फक्त मात्रा बदलून, मिळालेला हा फरक आहे. याच रुग्णालयात ५३६ रुग्णांवर निमोटुझुमॅब या अशाच प्रतिपिंडाची, सिस्प्लॅटिन आणि किरणोपचारांच्या जोडीला, चाचणी झाली. रोग न वाढता दोन वर्षे काढणारे ५० टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मानातला फरक मात्र इथेही सिद्ध झाला नाही. हे यश नाकारण्याचे कारण नाही. फक्त हे महागडे औषध ज्या पायावर रचले गेले, तो पाया आठवड्याच्या ३० मिलिग्रॅमचाच होता. पुऱ्या मात्रेवर त्याची भर पडेल का, याचे उत्तर त्या चाचणीतून मिळत नाही.

यावर डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे. १०० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना आणि कानांना इजा करते, उलट्यांनी माणूस खचतो, आणि अर्धपोटी, वयस्क रुग्णाला ते झेपत नाही. पण जपानमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत आठवड्याला ४० मिलिग्रॅमची मात्रा तीन आठवड्यांच्या मात्रेहून कमी ठरली नाही, म्हणजे सोसवणारा मधला मार्ग आहे. ज्यांना सिस्प्लॅटिन चालतच नाही, त्यांच्यासाठी टाटा रुग्णालयानेच डोसिटॅक्सेल या दुसऱ्या स्वस्त औषधाची अल्प साप्ताहिक मात्रा ३५६ रुग्णांवर तपासली. केवळ किरणोपचारांवर दोन वर्षे जगणारे ४१.७ टक्के होते, ते ५०.८ झाले. तोंड सोलवटण्याचा तीव्र त्रास दुपटीहून वाढला, तो लपवू नये. सेटुक्सिमॅबशी थेट तुलनाही त्या चाचणीत नव्हती. तरीही सरकारी रुग्णालयाला उद्या सकाळी देता येईल असा हा उपचार आहे. एवढा खर्च करण्यापेक्षा तंबाखूच रोखा, असेही म्हटले जाते. ती रोखलीच पाहिजे; पण आज गिळता न येणाऱ्या माणसाला ते उत्तर नव्हे.

पुरी मात्रा केवळ सलाईनच्या बाटलीने पोहोचत नाही. आधी-नंतर भरपूर द्रव, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवणाऱ्या क्रिएटिनिनच्या वेळेवर तपासण्या, चांगली उलटीरोधक औषधे, गिळणे थांबल्यावर नाकातील नळीतून आहार आणि गावापासून दूर सात आठवडे राहण्याची सोय, हे सारे असेल तरच ती पूर्ण होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. राज्याच्या आरोग्य खात्याने महागड्या प्रतिपिंडांच्या आधी या सात आठवड्यांचा सगळा खर्च, नळीतल्या आहारासह आणि मुक्कामासह, एकत्र उचलावा.