चारशे सव्वीस घोडे

आळंदीची पालखी पुण्यात शिरते त्या दिवशी माणसे जशी सकाळपासून रस्त्याच्या कडेला जागा धरून बसतात, तसा मी २०२३ च्या ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी अमेरिकेतल्या एका रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसलो होतो. गाव रॉयल ओक, डेट्रॉईटजवळचे. रस्ता वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू. समोरून मोटारी चालल्या होत्या. जुन्या, नव्या, घासूनपुसून आरशासारख्या लख्ख केलेल्या, आणि चालल्या होत्या त्याही दिंडीच्याच वेगाने. माझ्या डोक्यावर जावयाची टोपी, मांडीवर लेकीने दिलेला चिवड्याचा डबा आणि शेजारी आमची सौभाग्यवती. तिने अर्धा तास हा सोहळा पाहिला आणि विचारले, "एवढे पेट्रोल जाळून हे सगळे पोहोचणार कुठे?"

"कुठेच नाही, आई," जावई म्हणाले, "टोकाला जाऊन परत येणार."

या प्रकाराला तिथे 'ड्रीम क्रूझ' म्हणतात. फर्नडेल गावच्या एका प्लंबरने मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायला १९९५ मध्ये ही कल्पना काढली, आणि पहिल्याच वर्षी लाखोंची गर्दी लोटली. रस्ताही तसा मानाचाच. अमेरिकेतला पहिला मैलभर काँक्रीटचा रस्ता १९०९ मध्ये इथेच झाला. १९६० च्या दशकात इथली तरुण मुले रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावत. त्या मुलांची आता नातवंडे झाली आहेत आणि आजोबा जुन्या वाटेने पुन्हा एकदा फिरून येत आहेत, इतकेच.

पण मला लिहायचे आहे ते समोरच्या रांगेबद्दल नाही. आमच्या खुर्च्यांमागे, एका दुकानाच्या आवारात तीन गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या मालकांचा वाद दिवसभर चालला होता. पहिली जावयांची, माझदाची मियाटा. दोन माणसांपुरती, टप उघडणारी, सुबक पेटीसारखी. दुसरी एका निवृत्त दंतवैद्याची कॉर्व्हेट. तिसरी, २०१० मॉडेलची शेवरोले कॅमॅरो, रंग पिवळा. तिचा मालक साचे बनवणारा कारागीर, आयुष्यभर मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात घालवलेला, सत्तरीला टेकलेला माणूस. पहिल्या दोन स्पोर्ट्स कार. तिसरी 'मसल कार', म्हणजे दंड थोपटून उभी राहणारी गाडी. मूळची १९६६ च्या सप्टेंबरात विक्रीला आलेली, २००२ मध्ये बंद पडलेली आणि सात वर्षांनी पुन्हा जन्माला घातलेली.

वादाचा सूर असा. दंतवैद्य म्हणाले, "इंजिन दोघींचे एकाच घराण्यातले, ६.२ लिटरचे. माझे ४३० घोडे, याचे ४२६. पण याची गाडी माझ्यापेक्षा जवळजवळ तीनशे किलोंनी जड. म्हणजे हा कायम चार माणसे पाठीवर घेऊन पळतो." जावई म्हणाले, "माझे घोडे त्यांच्या निम्म्यानेही नाहीत, पण गाडी अकराशे किलोंची. वळणावर ती माझ्या मनात यायच्या आत वळते. कॅमॅरो वळवायची म्हणजे आधी अर्ज द्यावा लागतो." मग दोघांनी मिळून खिडक्यांवर घसरण केली. तिथे मात्र मला त्यांची बाजू घ्यावी लागली. मी त्या गाडीत बसून पाहिले होते. दारे छातीपर्यंत, काचा अरुंद. किल्ल्याच्या तटाला तोफा-बंदुकांसाठी जंग्या ठेवतात ना, तशा. आतून शत्रू दिसावा एवढीच सोय.

कॅमॅरोवाला हे सगळे ऐकून घेत होता. मधूनच म्हणायचा, "बरोबर आहे." ते 'बरोबर आहे' मला लागत होते. का, ते पुढे सांगतो.

या तुलनेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९६४ साली पॉन्टियॅक कंपनीने टेम्पेस्ट नावाच्या साध्या मध्यम गाडीत ६.४ लिटरचे मोठे इंजिन बसवले. मातृकंपनी जनरल मोटर्सचा नियम होता की असल्या गाडीत साधारण ५.४ लिटरच्या वरचे इंजिन घालायचे नाही. जॉन डिलोरियन या मुख्य इंजिनियरने आणि त्याच्या सोबत्यांनी पळवाट काढली. नवी गाडी म्हणायचे नाही, जादा सामानाचा संच म्हणायचे, किंमत तीनशे डॉलरच्या आत. (नियमाला बगल देण्याची ही रीत बँकेत मी जन्मभर पाहिली. नवे कर्ज म्हणायचे नाही, मर्यादावाढ म्हणायचे.) नाव दिले जीटीओ, तेही फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून सरळ उचललेले. आणि मार्च १९६४ मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' या मासिकाने पॉन्टियॅकची ती जीटीओ आणि फेरारीची जीटीओ यांची तुलना मुखपृष्ठावर छापली. मुखपृष्ठावर चित्र होते दोघींच्या शर्यतीचे. प्रत्यक्षात फेरारी चाचणीला आलीच नव्हती. पुढे पॉन्टियॅकचे जाहिरातीचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्सने कबूल केले की मासिकाला दिलेल्या गाडीतले इंजिनही दुकानात मिळणाऱ्या गाडीतल्यापेक्षा मोठे, ४२१ घन इंचांचे होते. म्हणजे स्पोर्ट्स कार आणि मसल कार यांच्या पहिल्या गाजलेल्या सामन्यात एक पैलवान आलाच नव्हता आणि दुसरा वजन चोरून उतरला होता!

घोड्यांचे आकडेही तसेच. १९७१ पर्यंत अमेरिकेत अश्वशक्ती मोजत ती इंजिन उघडे, एकटे, टेबलावर ठेवून. १९७२ च्या मॉडेलांपासून सगळी साधने जोडून, धुराडे लावून मोजू लागले आणि एका रात्रीत गाड्यांचे घोडे कमी झाले. नोकरदार वाचकांना हे लगेच कळेल. एक ठोक पगार, दुसरा हातात पडणारा. जुन्या गाड्यांच्या आठवणी माणसे ठोक पगाराच्या हिशेबाने सांगतात. नव्या कॅमॅरोचे ४२६ घोडे हातात पडणारे आहेत. तेव्हा जुनी ती खरी आणि नवी ती नक्कल असे म्हणणाऱ्याने निदान बेरीज तरी तपासावी.

त्या जुन्या गाड्या गेल्या कशाने? १९७३ च्या तेलटंचाईचे नाव सगळे घेतात, पण त्याआधीच दोन घाव बसले होते. एक १९७० चा हवाशुद्धीचा कायदा. दुसरा, माझ्या जिव्हाळ्याचा, विमा कंपन्यांचा. जास्त घोड्यांच्या गाडीवर, त्यातून चालवणारा तरुण असेल तर, त्यांनी हप्ते असे चढवले की गाडीच्या कर्जापेक्षा विम्याचीच धास्ती वाटावी. तरुणपण पोलिसांना आवरले नाही, ते विम्याच्या कोष्टकाने आवरले. आणि कोष्टक चूकही नव्हते. मुले मरत होती.

म्हणून मला 'पुनरुज्जीवन' हा शब्द थोडा खटकतो. २००९ मध्ये परत आलेल्या कॅमॅरोचा सांगाडा ऑस्ट्रेलियातल्या होल्डनचा, जुळणी कॅनडातल्या ओशावाची, आणि बाह्यरूपात मोठा वाटा कोरियात जन्मलेल्या सांगयुप ली यांचा. जुने फक्त नाव आणि खांद्याची ठेवण. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जुने खाते बंद झाले, त्याच नावाने नवे उघडले. आपल्याकडे २०१८ मध्ये जावा आणि २०१९ मध्ये विजेवरची चेतक आली, तेव्हाही हेच झाले. नाव ओळखीचे, आवाज अनोळखी. आणि यात विकणारा भोळा नसतो. आठवण ही अशी वस्तू आहे की तिच्यावर घासाघीस होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. जनरल मोटर्सने गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी १९१९ मध्येच काढली होती. हेन्री फोर्डला उधारीचे वावडे होते. तोही १९२८ पर्यंतच टिकला. शंभर वर्षे ही मंडळी गाडीच्या आडून हप्ता विकत आली आहेत.

हे सगळे मी दुपारी जेवताना जावयांना सुनावले. ते खूश झाले. "म्हणजे बाबा, तुम्ही आमच्या बाजूचे!"

मी म्हटले, नाही. तुमच्या मियाटाचे काय? १९८९ मध्ये ती आली तीच मुळी साठीच्या दशकातल्या इंग्रज टपउघड्या गाड्यांची, विशेषतः लोटस एलानची आठवण मनात धरून. आणि डॉक्टरांची कॉर्व्हेट १९५३ ची, युरोपातल्या छोट्या गाड्यांना अमेरिकेचे उत्तर म्हणून काढलेली. दुसऱ्याच्या आठवणीला नक्कल म्हणायचे आणि आपल्या आठवणीला अभिरुची, हा न्याय कुठला? जावई हसले, पण चिवडा जरा जोरात चावला.

आता ते 'बरोबर आहे'.

१९८७ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. एका माध्यमिक शिक्षकांनी बुलेट मोटारसायकलसाठी अर्ज केला. पगार बेताचा, दोन मुली शिकत असलेल्या, घर ते शाळा अंतर दीड किलोमीटर. मी त्यांना समोर बसवून हिशेब मांडला. पेट्रोल, हप्ता, कपाती, शिल्लक. मग विचारले, "सर, दीड किलोमीटरला बुलेट कशाला?" ते काही बोलले नाहीत. मी अर्जावर शेरा लिहिला: गरजेपेक्षा अधिक क्षमतेचे वाहन, लहान वाहनासाठी फेरअर्ज करावा. ते वाचून म्हणाले, "बरोबर आहे, साहेब. आकडे बरोबर आहेत तुमचे." महिन्याभराने त्यांनी मोपेडचे कर्ज घेतले आणि एकही हप्ता न चुकवता फेडले. माझ्या टेबलाशी मात्र पुन्हा आले नाहीत. हप्ता भरायला मुलीला पाठवत. बुलेट का हवी होती हे मी विचारले होते असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. मी विचारले नव्हते. मी 'कशाला' म्हणालो होतो. अर्जातल्या 'कर्जाचा उद्देश' या रकान्यात त्यांनी 'वाहन खरेदी' लिहिले होते आणि आम्हा दोघांनाही तेवढ्यावर भागवावे लागले.

मी तेव्हा कर्ज द्यायला हवे होते का? नाही. आजही वाटत नाही. पैसा ठेवीदारांचा होता. पण शेरा मी चुकीचा लिहिला. पगारात बसत नाही, एवढेच लिहायचे होते. 'गरजेपेक्षा अधिक' हे ठरवणारा मी कोण?

स्पोर्ट्स कारवाल्यांशी माझे भांडण आहे ते एवढेच. किलो मोजा, सेकंद मोजा, मायलेज मोजा. (कॅमॅरोचे शहरात लिटरला सातच्या आसपास, लाज वाटावी असे.) तिच्यापासून हवेला आणि रस्त्यावरच्या पोरांना धोका आहे, तेही बजावून सांगा. पण या मोजमापावरून तो माणूस मूर्ख ठरतो असे समजू नका.

संध्याकाळी मी त्या कारागिराला विचारले, कशाला असे नाही, कशी घेतली ते. तो म्हणाला, "२००९ चा मार्च. आमच्याकडे आठवड्याला तीनच दिवस काम. सगळे म्हणत होते, हा धंदा आता संपला. त्या महिन्यात ओशावात ही गाडी बनायला लागली. १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळे जाहीर केले. पॉन्टियॅक बंद करणार हे एप्रिलमध्येच सांगितले होते. मी सप्टेंबरात ही घेतली. बायको महिनाभर बोलली नाही. पण मला बघायचे होते की आम्हांला अजून काहीतरी बनवता येते." मग थोडे थांबून म्हणाला, "वळत नाही फारशी, ते खरे आहे."

त्याच्या गाडीत त्याच्या कारखान्यातला एक खिळाही नव्हता, हे त्यानेच सांगितले. २०१० मध्ये कॅमॅरोने विक्रीत मस्टँगला मागे टाकले, हेही सांगितले, जणू त्यातली काही त्याने स्वतः विकली असावीत.

आम्ही बसलो होतो तेव्हा कॅमॅरो पुन्हा बंद होणार हे जाहीर झालेले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिची आणि डॉज चॅलेंजरची, दोघींचीही शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली. पुढच्या वर्षी डॉजने विजेवरची चार्जर आणली, आणि तिला गुरगुर हवी म्हणून कृत्रिम आवाजाची योजना केली. त्यावर जावई आणि दंतवैद्य यांचा आजही फोनवर वाद चालतो असे लेक सांगते.

निघताना कारागिराला कोणीतरी सांगितले होते की मी बँकेत होतो. त्याने मला बाजूला घेतले. उत्पादन बंद होणार म्हणून भाव चढेल असे लोक म्हणतात, विकू की ठेवू? अशा प्रश्नाला माझ्याकडे तीस वर्षे तयार उत्तर असे. घसारा, विमा, व्याज, वय. मी तोंड उघडले आणि भलतेच विचारले, "थंडीत ठेवता कुठे हिला?"

"गॅरेजमध्ये," तो म्हणाला, "एकाच गाडीची जागा आहे."

"आणि बायकोची गाडी?"

"बाहेर. बर्फात."