खोगीरभरतीला बक्षीस

खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरची जाड गादी. ती फुगावी म्हणून आत चिंध्या, काथ्या, गवत, हाताला लागेल ते कोंबायचं. त्यावरून 'खोगीरभरती' हा शब्द आला. हा शब्द मी आठवीच्या वर्गात कित्येक वर्षं शिकवते आहे. पण गेल्या हिवाळ्यात एका यात्रेतलं अश्वप्रदर्शन पाहिलं आणि या शब्दाला आपण बक्षीसही देतो, हे कळलं.

माझा चुलत भाऊ लग्नाच्या वरातीला घोडी देतो. आमच्या अब्बांचा टांगा होता. रिक्षा आल्या तसा टांगा गेला, पण चाचांच्या घरात जनावर राहिलं. आताची घोडी बिजली. उंची ५४ इंच. घोड्यांच्या हिशेबात साधारण ५८ इंचांच्या आतलं जनावर म्हणजे तट्टू. जातिवंत म्हणावी अशी ती नाही. पण वरातीत ढोल वाजो, फटाके फुटो, पाठीवरच्या नवरदेवाला तिने कधी पाडलेलं नाही.

भावाने ठरवलं, या वेळी बिजलीला प्रदर्शनात उतरवायचं. बक्षीस मिळालं तर वरातीचा भाव वाढेल, हा त्याचा हिशेब. त्यासाठी त्याने पंचवीस हजार कर्ज काढलं. पिकअपचं भाडं, नोंदणीची फी, भाड्याने आणलेला चमकीचा साज, गोंडे, कलगी. मी म्हटलं, "अरे, एवढं कशाला?" तो म्हणाला, "आपा, साज नसला तर कुणी बघत पण नाही."

दुर्दैवाने त्याचं म्हणणं खरं ठरलं. मी मैदानाच्या कडेला चार तास उभी होते. परीक्षकांनी उंची मोजली, कान पाहिले, रंग पाहिला, चाल पाहिली, मालकाचं नाव माइकवरून तीन-तीनदा पुकारलं. त्या चार तासांत एकाही परीक्षकाने एकाही घोड्याचा पाय उचलून खूर पाहिला नाही. कुणाचं खोगीर उतरवून पाठ पाहिली नाही. जिंकलेला घोडा देखणा होता, हे मी नाकारत नाही. कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, मान कमानीसारखी. पण तो घोडा रोज कोण घासतं, त्याला पाणी कोण पाजतं, हे विचारायला कुणी गेलं नाही. तो माणूस लगाम धरून शेजारीच उभा होता. ट्रॉफी घ्यायला मात्र गाडीतून दुसराच कुणीतरी उतरला.

बिजलीला काही मिळालं नाही. संध्याकाळी साज उतरवला तेव्हा तिच्या पाठीवर रुपयाएवढी सोललेली जागा दिसली. भाड्याचा साज दुसऱ्या घोड्याच्या मापाचा होता. आणि पाय उचलून पाहिला तर नाल झिजून पातळ झालेला. नालबंदाला द्यायचे पैसे कलगीत गेले होते.

पुढचं सांगायला लाज वाटते. कर्ज फेडायचं म्हणून त्या लग्नसराईत एकेका संध्याकाळी बिजलीने दोन-दोन वराती केल्या. पाठीवरची जागा भरायला वेळच मिळाला नाही. त्यावर मखमल टाकली की फोटोत दिसत नाही.

यात भावाची चूक आहे. मी ती झाकणार नाही. गरिबी ही जनावराची पाठ सोलायची सबब होऊ शकत नाही. पण त्याला या वाटेला लावलं कुणी? प्रदर्शनवाल्यांनी, आणि आपण सगळ्यांनी. माझ्या सख्ख्या भावाच्या वरातीला "पांढरीच घोडी हवी, साज भरगच्च हवा" असा हट्ट मीच धरला होता. तिच्या पायात नाल आहे की नाही, हे मी विचारलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी विचारलंय?

आता नेहमीचे दोन आक्षेप.

पहिला : प्रदर्शन हे उत्तम जातीसाठीच असतं, मारवाडी-काठियावाडी वाण टिकावा म्हणून. मान्य. त्या वाणांची कदर व्हायलाच हवी. मग वाणाची स्पर्धा वाणाची म्हणून वेगळी घ्या. एकाच रिंगणात लाखांचा घोडा आणि वरातीचं तट्टू उभं करायचं, दोघांकडून फी घ्यायची आणि बक्षीस कुणाला जाणार हे आधीच ठाऊक असायचं, याला स्पर्धा म्हणत नाहीत. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची. तिथल्या घोडेबाजाराच्या बातम्या वाचा. आधी किंमत येते, मग घोडा. बाजारात किंमत बोलली तर समजू शकतं. तिथे व्यवहारच असतो. पण परीक्षकाच्या वहीत किमतीचं काय काम?

दुसरा आक्षेप जास्त टोचतो : परवडत नाही तर आणता कशाला? याचं उत्तर इतिहासात आहे. लंडनमध्ये १८८५ साली गाडीच्या घोड्यांच्या संचलनासाठी एक संस्था स्थापन झाली. हेतू हा, की ओझी ओढणाऱ्या घोड्यांची अवस्था सुधारावी आणि गाडीवानांनी त्यांची नीट निगा राखावी. म्हणजे शर्यतीच्या घोड्याला नव्हे, कोळसा आणि माल ओढणाऱ्या घोड्याला लोकांसमोर आणलं, त्याच्या गाडीवानाला मान दिला. जे तिथे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सुचलं, ते आपल्याला आज सुचायला काय हरकत आहे? वरातीची घोडी, माथेरानच्या डोंगरावर माणसं आणि सामान वाहणारं तट्टू, उरलासुरला टांग्याचा घोडा, यांना रिंगण कोण देणार?

आपल्याकडे तर यासाठी शब्दही आहेत. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. माझा भाऊ कर्जबाजारी असेल, पण तो शिलेदार आहे. आज त्याला आपण दुसऱ्याच्या साजावर जगायला लावलंय.

आता माझ्या भावासारख्यांना चार शब्द. कमी पैशात घोडा दाखवता येतो, पण त्याची तयारी आदल्या रात्री होत नाही. रोज अर्धा तास खरारा करा. अंगावर जी चमक येते ती कुठल्याच चमकीने येत नाही. अंघोळ प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवस आधी घाला, म्हणजे कातडीचं नैसर्गिक तेल परत केसांवर येतं. नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलवाच. इथे पैसे वाचवू नका. साधा मोहरा घ्या, धुऊन तेल लावा, मापाचा असू द्या. तीनशे किलोच्या घोडीला दिवसाला पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो. प्रदर्शनाच्या आठवड्यात हरभरा वाढवून वर्षभराची उपासमार भरून निघत नाही, उलट पोट दुखून जनावर जातं. रोज दहा मिनिटं तिला चारही पायांवर सरळ उभं राहायला आणि तुमच्या बरोबरीने दुडकी धावायला शिकवा. याला पैसे लागत नाहीत. आणि काटेरी लगाम घालून घोडा नाचवणाऱ्यांची नक्कल करू नका. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे.

आयोजकांकडे मी दान मागत नाही. चार गोष्टी मागते. काम करणाऱ्या घोड्या-तट्टूंचा वेगळा गट ठेवा आणि त्याला फी नको. त्या गटात साजाला बंदी, फक्त मोहरा आणि दोर. गुण द्यायचे ते खुरांना, पाठीला, दातांना, अंगाच्या भरणीला आणि स्वभावाला. अंगाची भरणी मोजायला १ ते ९ गुणांची पद्धत १९८३ पासून आहे. मान, मदार, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ हाताने चाचपायचं. बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, तो घोडा मधल्या ५ गुणांचा. याला यंत्र लागत नाही, फक्त परीक्षकाने खुर्चीतून उठायला हवं. आणि चौथी गोष्ट, बक्षीस जो घोडा सांभाळतो त्याच्या हातात द्या. माइकवरून त्याचं नाव घ्या.

यातली एकही गोष्ट खर्चिक नाही. मग घोडं कुठे पेंड खातं? मला वाटतं, इथेच. खूर पाहायला लागलो तर मोठ्या नावांच्या घोड्यांचेही खूर पाहावे लागतील.

कर्ज अजून निम्मं बाकी आहे. बिजलीची पाठ आता भरली, तिथे पांढरे केस आले आहेत आणि ते तसेच राहतील. परवा भाऊ घरी आला होता. चहा पिताना हळूच म्हणाला, "आपा, या वर्षी परत जाऊ का?" मी म्हटलं, जा. कर्ज काढू नकोस, साज आणू नकोस, ते पांढरे केस झाकू नकोस. आधी नालबंदाला बोलाव. आणि परीक्षक पाय उचलून बघत नसतील, तर त्यांच्यासमोर तूच उचलून दाखव.